सीटची उंची

२० ऑक्टोबर १९७४, रविवार

आज सकाळी पंचगंगेच्या पुलावरून गंगावेशीकडे चढताना आमच्या दूधवाल्यानं मला मागं टाकलं. माझ्या सायकलवर मी एकटा. त्याच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधानं भरलेल्या किटल्या आणि हँडलला तिसरी. तरी गडी शीळ घालत पुढं गेला. मी शाळेत शास्त्र शिकवतो. चढावर शीळ घालायची तर शिलकीत किती श्वास लागतो, हे मला कळतं.

मागून त्याचे पाय बघत राहिलो. सीट इतकी खाली की गुडघे जवळजवळ हँडलला लागत होते. पेडल तळपायाच्या मधल्या खळग्यानं दाबत होता, म्हणजे घोट्याचा उपयोग शून्य. निम्मी ताकद वाया घालवूनही तो मला हरवत होता.

दुपारी श्यामलेला म्हणालो, "याला नीट बसवलं तर हा पन्हाळ्याची शर्यत मारेल." ती डाळ निवडत होती. म्हणाली, "त्याला मारायची आहे का, ते आधी विचारा."

२१ ऑक्टोबर, सोमवार

विचारलं. येत्या १९ जानेवारीला शिवाजी पुलापासून पन्हाळ्यापर्यंत शर्यत आहे. साध्या सायकलींचा गट वेगळा आहे.

कृष्णात मापानं दूध घालता घालता हसला. "शर्यत मी रोजच लावतोय की मास्तर. दूध नासायच्या आत गावात पोचायची."

"मी शिकवीन."

"सायकल चालवायला? मला?" माप त्याच्या हातातच राहिलं. मग म्हणाला, "शिकवा की. बगू तरी काय ऱ्हायलंय."

२७ ऑक्टोबर, रविवार

दूध घालून झाल्यावर तो आमच्या अंगणात आला. त्याला भिंतीला पाठ लावून उभा केला, मांड्यांमध्ये सुताराचा गुण्या धरला, भिंतीवर खूण केली. पायाची आतली लांबी तेहतीस इंच. एका विलायती मासिकात हिशेब वाचला होता, त्याप्रमाणे त्यात तिचाच अकरावा भाग मिळवायचा. म्हणजे पेडल तळाला असताना तिथून सीटपर्यंत छत्तीस इंच हवेत. त्याची सीट होती साडेएकतीसवर! एवढा मोठा फरक एकदम करता येणार नाही. दर आठवड्याला एक इंच वर न्यायची असं ठरवलं.

सीटचा दांडा गंजून बसला होता. तेल घालून, ठोकून काढला. पहिला इंच वाढवल्यावर त्यानं गल्लीत एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाला, "झाडावर बसल्यागत वाटतंय."

वाटू दे. पायांना सवय होते.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी शाळा सुटल्यावर त्याच्या गावाला, कुशिऱ्याला गेलो. जोतिबाच्या डोंगराखाली घर, दारात तीन म्हशी. त्याची बायको शालूबाई. स्पष्टवक्ती बाई आहे. मी पोचताच म्हणाली, "पावणं, आमच्या मालकास्नी सायकल येत न्हाई म्हणं?"

सायकल उलटी करून मी पेडल हातानं फिरवून दाखवलं. पाय खाली जाताना सगळेच दाबतात. पण तळाला आल्यावर पाय मागं ओढायचा असतो, वर येताना सैल सोडायचा, आणि माथ्यावर पुढं लोटायचा. बळ गोल फिरलं पाहिजे, तुटता कामा नये. कृष्णातला समजेना. मी फळ्यावर काढतो तसं मातीत वर्तुळ काढलं, बाण काढले. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

शालूबाई वैरण टाकता टाकता म्हणाली, "अवो, जात्यागत. दोघी दळाय बसल्या की एकीनं लोटायचं, एकीनं वढायचं. नुसतं लोटून जातं फिरतंय व्हय?"

कृष्णात म्हणाला, "अस्सं सांगा की मग." आणि सायकल सुलटी करून त्यानं खरंच तसं करून दाखवलं.

माझ्या बाणांपेक्षा बाईचं जातं बरं. लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मीच ते माझं म्हणून सांगत सुटेन.

२४ नोव्हेंबर, रविवार

सीट आता साडेपस्तीसवर. मडगार्ड आणि कॅरियर काढून पहिल्यांदा पन्हाळ्यापर्यंत वेळ लावली. पुलावरून निघायची वेळ आधीच ठरवली होती; मी पहाटेच्या एसटीनं वर जाऊन नाक्यावर घड्याळ घेऊन उभा होतो. एकावन्न मिनिटं. वाघबीळच्या चढावर दम लागला म्हणाला, पण पाय दुखले नाहीत.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. १९४९ साली कॉलेजात असताना मी याच शर्यतीत भाग घेतला होता. वाघबीळला उतरलो आणि सायकल हातात धरून चालत वर गेलो. वर पोचलो तेव्हा कनातीसुद्धा काढल्या होत्या. श्यामलेला मी सांगितलंय की पाचवा आलो होतो.

१ डिसेंबर, रविवार

छत्तीस इंच पुरे झाले. सीटवर बसल्यावर तो आता खरा सायकलपटू दिसतो.

तो मात्र कुरकुरत होता. "मास्तर, शर्यतीला ऱ्हाऊ दे ही उंची. दुधाच्या वक्ताला खाली घेतो मी. पाना हाय घरात. किटल्या भरल्या की उतरताना तारांबळ हुतीया."

मी त्याला समजावलं. स्नायूंना एकच उंची शिकवायची असते. सकाळी एक, संध्याकाळी एक असं केलं तर पाय दोन्हीकडचं विसरतात. दीड महिना तर उरलाय. त्यानं सीटवर हात फिरवला. मग म्हणाला, "तुमी म्हणतासा तर बरोबरच असंल."

डाव्या नडगीला चांगलंच खरचटलं होतं. विचारलं, तर म्हणाला, "कुणाच्या तरी कट्ट्याला लागलं."

५ डिसेंबर, गुरुवार

श्यामला म्हणते, कृष्णात हल्ली सायकलवरून उतरतच नाही. समोरच्या चिमणाबाईंच्या कट्ट्याला पाय लावून तसाच उभा राहतो आणि हाक मारतो. तिला पातेलं घेऊन रस्त्यावर जावं लागतं. "पूर्वी दारात येऊन दोन शब्द बोलायचा," म्हणाली.

शर्यत जवळ आली की माणूस थोडा तुटक होतोच.

८ डिसेंबर, रविवार

चव्वेचाळीस मिनिटं! गेल्या वर्षी साध्या गटात पहिल्या आलेल्याला सत्तेचाळीस लागली होती. नाक्यावर त्याला येताना पाहिलं आणि घड्याळ पुन्हा पुन्हा बघितलं. पाय कसे गोल, शांत फिरत होते. घाम सोडला तर चढ आहे असं वाटू नये.

उतरताना कुशिऱ्याला थांबलो. शालूबाईनं धारोष्ण दूध दिलं, पण चेहरा बरा नव्हता. म्हणाली, "मास्तर, ह्यांचं पाय भुईला पोचत न्हाईत."

"सीटवरून पुढं सरकून उतरायचं. त्याला दाखवलंय मी."

"मोकळ्या सायकलीवरनं उतरत्यात. किटल्या भरल्या की ती सायकल न्हवं, म्हस असत्या. तिला दोन्ही पाय रोवून धराय लागतंय."

सहा आठवड्यांचा प्रश्न आहे, असं मी सांगितलं. कृष्णात तिच्यावर खेकसला, "तू गप गं. मास्तरांस्नी कळतंय." मला बरं वाटलं. पण तो तिच्याकडं न बघता बोलला, हे तेवढं लक्षात राहिलं.

१५ डिसेंबर, रविवार

आज मन खट्टू झालं. दूध घालून कृष्णात चहाला थांबला. सायकल अंगणात होती. सहज पट्टी लावली, तर सीट चौतीसवर! न सांगता दोन इंच खाली घेतली होती. म्हणजे आठवडाभर हा तशीच चालवतोय, आणि मी मात्र इथं वेळेचे तक्ते मांडतोय.

आत जाऊन बोलावं असं वाटलं. पण तो श्यामलेशी म्हशीच्या वेताविषयी हसत बोलत होता. वाद नको म्हणून मीच पाना आणला आणि सीट पुन्हा छत्तीसवर केली. नट चांगला आवळला. जाताना तो सायकल हातात धरूनच गेला. कोपऱ्यावर त्याला कुणीतरी भेटलं, ते दोघं बोलत चालत पुढं गेले.

उद्या त्याच्या लक्षात येईल. तेव्हा स्पष्ट बोलू.

१६ डिसेंबर, सोमवार

कृष्णात पडला.

गंगावेशीत. उसाची गाडी पुढं होती, बैल बुजला आणि गाडी आडवी आली. यानं ब्रेक दाबला. सायकल डावीकडं कलली आणि भरलेल्या किटल्यांसकट पायावर आली. डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय. शाळेतून परस्पर दवाखान्यात गेलो. शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "बैल बुजला, मास्तर."

रस्त्यावर दूधच दूध झालं होतं, असं लोक सांगत होते.

१७ डिसेंबर, मंगळवार

गाडीवान बैलाला धरून नव्हता असं सगळेच म्हणतात. ऊस खच्चून भरलेला. अशा गाड्या गर्दीच्या वेळी गावात सोडूच नयेत.

श्यामलेनं जेवताना विचारलं, "परवा अंगणात पाना घेऊन काय करत होता?"

"त्याची चेन सैल झाली होती."

तिनं भात वाढला. मी तो तसाच टाकून उठलो.

१९ डिसेंबर, गुरुवार

कृष्णातची गिऱ्हाईकं तुटू नयेत म्हणून दूध मी घालायचं ठरवलं. शालूबाई पहाटे धारा काढून किटल्या डोक्यावरून केर्लीच्या फाट्यापर्यंत आणते, तिथून पुढं मी. शाळा अकराला, तेवढ्यात होतं. आज पहिला दिवस. माझी सीट माझ्या हिशेबाप्रमाणे बरोबर उंचीवर आहे. फाट्यावरच दोनदा कलंडलो. शालूबाईनं धरलं म्हणून वाचलो.

मी घरी येऊन सीट अडीच इंच खाली केली.

२ जानेवारी १९७५, गुरुवार

कृष्णातला घरी आणलं. मांडीपर्यंत प्लास्टर. आज फाट्यावर शालूबाई दुसऱ्या एका बाईला माझ्याकडं बोट दाखवून सांगत होती, "ह्ये मास्तर. देवमाणूस हाय. आपल्या माणसानं केलं नसतं एवढं करतोय."

मी किटल्या बांधत राहिलो.

काल त्याची मोडकी सायकल बघितली. घराच्या भिंतीला टेकून ठेवलीय. चाक वेडंवाकडं झालंय. सीट मात्र जागच्या जागी आहे. मी नट चांगलाच आवळला होता.

बैल बुजला हे खरं आहे. पण पाय टेकला असता तर तो नुसता थांबला असता. ही दोन वाक्यं लिहायला मला सतरा दिवस लागले.

१९ जानेवारी, रविवार

शर्यत. दूध घेऊन केर्लीहून येत होतो. वडणग्याच्या अलीकडं समोरून शर्यतीची जीप आली आणि मागून सगळे. मी सायकल कडेला घेतली. साध्या गटातला पहिला गडी निळ्या बनियनमधला. पायानं नुसता दाबत होता, ओढ अजिबात नाही, खांदे हलत होते. मी मोजायला लागलो, मिनिटाला किती फेऱ्या. थांबवता येईना.

संध्याकाळी कळलं, त्याला सेहेचाळीस मिनिटं लागली. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी: आपण दोन मिनिटांनी जिंकलो असतो.

आपण.

२१ जानेवारी, मंगळवार

आज शाळेला रजा टाकली. दूध घालून पुन्हा उलट कुशिऱ्याला गेलो. कृष्णात सोप्यात बाजल्यावर होता, पाय उशीवर. शालूबाई दारात शेण गोळा करत होती. मी उभ्यानंच सांगितलं. रविवारी तू चहा घेत होतास तेव्हा सीट मी वर केली. तुला न सांगता.

तो छताकडं बघत होता. म्हणाला, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"रविवारी गाववाल्याच्या बैलगाडीत सायकल टाकून आलो. सोमवारी दारातनं टांग मारली तवाच कळालं. पाय लोंबाय लागला. पाना घरात, किटल्या भरलेल्या, उशीर झाल्ता. म्हटलं, माघारी आल्यावर खाली घिऊ."

"मग सगळ्यांना बैलाचं का सांगितलंस?"

"बैल बुजलाच हुता की. ते काय खोटं न्हवं." मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "आन् तुमी रोज दूध न्यायला येत हुतासा. म्हटलं, आपणहून सांगत्यात का बगावं. छत्तीस दिस लागलं तुमास्नी."

मला बसायचं होतं, पण कुणी बस म्हटलं नव्हतं.

शालूबाई दारात येऊन उभी होती. तिला ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळलं. हातातलं शेण तसंच होतं. म्हणाली, "मी गावभर तुमाला देवमाणूस म्हणत फिरले."

मी म्हणालो, "शालूबाई, मी दूध..."

"उद्यापासनं येऊ नका. माझा भाऊ पिराजी येतोय जयसिंगपुरास्नं. त्यो घालंल दूध." ती वळली, मग परत फिरली. "मी सांगितलं हुतं तुमास्नी. ह्याच दारात. माझं जातं तेवढं कळालं, म्हस न्हाई कळाली व्हय?"

कृष्णात "जाऊ दे गं" म्हणाला नाही. मी वाट बघत होतो की तो म्हणेल.

घरी येऊन श्यामलेला सगळं सांगितलं. १९४९ चंही. शर्यतीचं तिनं मनावर घेतलं नाही. "चेन म्हणाला होतात," एवढंच म्हणाली आणि ताटं घ्यायला आत गेली.

२३ मार्च, रविवार

पिराजीकडून कळलं, प्लास्टर काढलं. हाड जुळलंय, पण डावा पाय पाऊण इंच आखूड झाला. कृष्णात काठी घेऊन म्हशीपर्यंत जातो.

कागद घेऊन बसलो. डाव्या पायाला पाऊण इंच कमी, तर डावं पेडल किती उचलायला हवं, सीट किती... मग काय करतोय ते लक्षात आलं. कागद फाडला.

एका तालमीतले दोघं येऊन गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या पोरांना तयार करा म्हणाले. कृष्णातची चव्वेचाळीस मिनिटं त्यांच्या कानावर गेली होती. पाय कसा मोडला ते मी त्यांना सांगितलं. चहा अर्धा टाकून गेले.

११ मे, रविवार

सकाळी गल्लीत हाक आली. पिराजीची नव्हती. श्यामला पातेलं घेऊन गेली. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो, तिथंच थांबलो. तिचा आवाज आला, "अगं बाई, कृष्णात! चालवत आलास?"

"हळूहळू. निम्मंच दूध आणतोय सध्या." मग जरा वेळानं, "मास्तर न्हाईत?"

मी बाहेर गेलो. तो सायकलवरून उतरून, दारात उभा होता. वाळलाय. डावा पाय टाकताना कंबर खाली जाते. आम्ही दोघंही सायकलकडं बघायला लागलो, कारण दुसरीकडं कुठं बघणार? चाक नवं होतं. डाव्या पेडलवर त्यानं बाभळीचा ठोकळा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बसवला होता. कडा तासलेल्या, पावलाच्या आकाराची थोडी खोलगट जागाही केलेली. ठोकळा अर्ध्या इंचाचा. पाऊण हवा, हे मला लगेच दिसलं. पाव इंचानं कंबर रोज डावीकडं ओढली जाणार.

ओठांवर आलं होतं. मी ते बोललो नाही. म्हणालो, "दुखतं का रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. हे मी त्याला आधी कधीच विचारलं नव्हतं. त्याच्या तोंडाकडं बघताना ते कळलं.

"चालवताना न्हाई. सोप्याची पायरी चढताना दुखतंय." मग माझी नजर कुठं होती ते ओळखून म्हणाला, "पाऊण इंचाचा लावून बगितला हुता. घसटतोय. उतरताना पाय काढायला गेलं की धोतर अडकतंय. दोनदा पडता पडता ऱ्हायलो. मग शाली म्हणाली, तास थोडा. अर्ध्यावर आल्यावर मोकळा झाला."

"कंबर?"

"वढतीया थोडी. घरी गेल्यावर शेकतो." किटलीचं झाकण लावत म्हणाला, "कंबर शेकता येती, मास्तर."

श्यामलेनं चहा विचारला. तो म्हणाला, "आज नगं, अजून सात घरं हायत." नेहमीसारखं माप उलटं करून त्यानं शेवटचा थेंब पातेल्यात झटकला, सायकल थोडी कलती केली, उजवी टांग मारली आणि निघाला. कोपऱ्यापर्यंत मी बघत होतो. उजवा पाय गोल फिरत होता. डावा खाली जाताना अडखळून दाबत होता, आणि वर येताना त्याला उजवा ओढून आणत होता.

मी दारातच उभा राहिलो. श्यामला आतून म्हणाली, "दूध तापायला ठेवलंय, जरा लक्ष द्या," म्हणून आत आलो.